जनरुचीची लागवड : डोंगरकडा परिसरातील रंगभूमीविषयक काही निरीक्षणे

रंगभूमीविषयी जनरुची निर्माण करणे हा विषय सामान्यतः शहरांच्या संदर्भात चर्चिला जातो, आणि ती चर्चा बहुधा अशा सभागृहात होते की जिथे व्यासपीठावरच्या खुर्च्या भरलेल्या असतात आणि समोरच्या नसतात. या चर्चेत जनरुची म्हणजे लोकांनी नाटकाला यावे अशी नाटकवाल्यांची इच्छा, असा अर्थ गृहीत धरलेला असतो; लोकांची स्वतःची रुची कशात आहे, हा मुद्दा समारोपाच्या भाषणात 'प्रेक्षक आता बदलला आहे' एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. प्रस्तुत लेखात हा विषय शहरातून उचलून डोंगरकडा येथे आणला आहे. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले हे गाव नांदेड-हिंगोली मार्गाच्या पट्ट्यात, वारंगा फाट्याच्या परिसरात आहे. केळी आणि हळद ही त्याच्या शिवाराची ओळख आहे आणि गावात नाट्यगृह नाही. यांपैकी शेवटची बाब अभ्यासाच्या दृष्टीने फार सोयीची आहे, कारण नाट्यगृह असले की प्रेक्षक न येण्याचा सगळा दोष तिथल्या स्वच्छतागृहावर ढकलून अभ्यासकाला मोकळे होता येते. डोंगरकड्यात ही पळवाट उपलब्ध नाही.

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सादर केलेल्या 'सीता स्वयंवर' या नाटकापासून सांगण्याची प्रथा आहे, आणि त्या इतिहासातला एक तपशील जनरुचीच्या अभ्यासकांनी मनावर घेतलेला दिसत नाही. ते नाटक सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने झाले. राजाश्रय संपल्यावर भाव्यांना आपला खेळ घेऊन बाहेर पडावे लागले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून प्रयोग करावे लागले. म्हणजे मराठी माणसाने नाटक आधी फुकट पाहिले आणि त्याच्याकडे पैसे नंतर मागितले गेले; या क्रमाचा परिणाम मराठी मनावर आजतागायत टिकून आहे. शहरात त्याला 'पास' असे म्हणतात. पास म्हणजे तिकीट काढण्याची ऐपत असलेल्या माणसाला, ती ऐपत आहे म्हणूनच, मिळणारे मोफत प्रवेशपत्र होय. खेड्यात पासाची पद्धत रुजली नाही, याचे कारण खेड्यातील माणूस अधिक प्रामाणिक आहे असे नसून शाळेच्या मैदानाला चार बाजू असतात आणि त्यांपैकी तीन उघड्या असतात, हे आहे.

डोंगरकड्यासारख्या गावात नाटकाची आवडच नाही, असे निदान शहरातून येणारा कार्यकर्ता पहिल्याच भेटीत करतो. हे निदान टिकणारे नाही. ज्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, म्हणजे सात दिवस अहोरात्र भजन, पारायण आणि रोज रात्री कीर्तन असा कार्यक्रम चालतो, त्या गावातील माणसाला एकाच माणसाकडे दोन तास टक लावून बसण्याची सवय पुणे-मुंबईच्या प्रेक्षकाहून अधिक असते. कीर्तनकार हा वस्तुतः एकपात्री प्रयोग करणारा नट असतो. तो सासू होतो, सून होतो, मुलाच्या मोबाइलचे बिल भरणारा बाप होतो, आणि श्रोते हसून लोळायला लागले की नेमक्या त्या क्षणी मूळ अभंगावर येऊन त्यांना रडवतो. सोंगी भारुडात, म्हणजे पैठणच्या एकनाथांपासून चालत आलेल्या रूपकात्मक गीतप्रकाराच्या वेशभूषेसह होणाऱ्या सादरीकरणात, मिशी असलेला गृहस्थ लुगडे नेसून येतो आणि त्याला पाहून कोणाच्याही वास्तवाच्या भानाला धक्का बसत नाही. शहरी समीक्षेत यालाच प्रेक्षकाची प्रगल्भता म्हटले जाते. फरक इतकाच की तिथे त्यासाठी आधी शिबिर घ्यावे लागते.

हिंगोली शहराचा सार्वजनिक दसरा महोत्सव हा या बाबतीतला जिल्ह्यातील सर्वांत बोलका पुरावा आहे. दीडशे वर्षांहून अधिक परंपरा सांगणाऱ्या या उत्सवात रामलीला मैदानावर उत्तरेकडच्या मंडळींची रामलीला होते, शेजारी प्रदर्शन भरते, आकाशपाळणे फिरतात आणि दशमीला रावण जाळला जातो. कथानक सर्वांना तोंडपाठ आहे, भाषा मराठी नाही, शेवट गुप्त ठेवण्याची तर सोयच नाही, कारण खलनायकाचा भव्य पुतळा मैदानातच बांधला जात असतो. तरीही लोक लोटतात. शहरातील नाट्यसंस्था 'विषय वेगळा आहे' अशी जाहिरात करून प्रेक्षक शोधतात, तर हिंगोलीचा अनुभव असे सुचवतो की विषय अजिबात वेगळा नाही, अशी खात्री देणे अधिक लाभदायक ठरावे. रामलीला पाहायला आलेला माणूस आकाशपाळण्यासाठी आला होता की आकाशपाळण्यासाठी आलेला माणूस रामलीलेत अडकला, याचा निवाडा मात्र करता येत नाही आणि करू नये. ज्याला एकाच फेरीत पोरांसाठी पिपाणी, घरासाठी चाळणी आणि स्वतःसाठी सीताहरण मिळते, तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो, एवढे पुरे आहे.

रुची असतानाही नाटक का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर कलेत नसून पंचांगात आहे. नाटकासाठी तारीख काढणे हे लग्नासाठी मुहूर्त काढण्याहून अवघड काम आहे, कारण मुहूर्त काढताना शेतीपंपाच्या विजेचे वेळापत्रक पाहावे लागत नाही. जून-जुलैत पेरणी आणि हळदीची लागवड असते. गणपतीच्या दिवसांत उत्साह असतो, पण पाऊसही असतो, आणि मांडवातून गळणारे पाणी ऐतिहासिक नाटकातील दाढीमिशांना मानवत नाही. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन काढणीला येते. पुढे कापूस वेचणी, हरभरा आणि गहू. जानेवारीच्या अखेरीपासून हळद उकरणे, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे सुरू होते, तेव्हा ज्याच्या घरी हळद आहे तो स्वतःच पिवळा झालेला असतो व त्याला वेगळ्या रंगभूषेची गरज उरत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असल्याने ध्वनिवर्धकाला सार्वत्रिक विरोध असतो, आणि तो विरोध करण्यात ज्यांची मुले आठवीत आहेत तेही मागे नसतात. हळद वसमत किंवा हिंगोलीच्या बाजारात जाऊन पैसे हातात येतात तोवर लग्नसराई आणि आयपीएल एकाच वेळी दारात उभी असते. अशा रीतीने वर्षाचे बारा महिने चाळून पाहता नाटकाला एप्रिलच्या आसपासची एक अरुंद फट उरते, आणि त्या फटीत सप्ताह बसलेला असतो.

तारीख मिळाली तरी रात्र मिळेल याची शाश्वती नसते. शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, मिळते. त्यामुळे दुसऱ्या अंकाच्या ऐन मध्यावर मागच्या रांगांतून पाच-पंचवीस माणसे उठून चालू लागली तर लेखकाने निराश होऊ नये. ती नाटकाला कंटाळून गेलेली नसतात, लाईट आल्यामुळे केळीला पाणी द्यायला गेलेली असतात, आणि इसापूर धरणाच्या कालव्याला त्याच आठवड्यात पाणी सुटले असेल तर उरलेलेही जातात. यांतील काही जण बारे मोडून, म्हणजे एका वाफ्याचे पाणी दुसऱ्याकडे वळवून, तिसऱ्या अंकाला चिखलाच्या पायांनी परत येतात आणि शेजाऱ्याला 'मेला का त्यो?' एवढे एकच विचारतात. नाटकाचा इतका नेमका सारांश मागणारा प्रेक्षक अन्यत्र सहसा आढळत नाही.

प्रयोगाला लागणाऱ्या परवानग्या हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. नव्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे नाटकात काय बोलले जाणार आहे हे सरकारनियुक्त मंडळाने आधी वाचून पाहावे लागते. मैदानासाठी शाळेची, गर्दीसाठी पोलीस ठाण्याची आणि गावात राहायचे असल्यामुळे सर्वांची परवानगी लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो, काही सणासुदीचे दिवस वगळून. आता पत्रिकेत नाटकाची वेळ सायंकाळी सात छापलेली असते. सातला सतरंजी येते. साडेसातला तिच्यावर मुले बसतात. आठला ध्वनिवर्धकाची चाचणी सुरू होते, जीत 'हॅलो, माइक टेस्टिंग' हे शब्द कोणत्याही नायकाच्या स्वगताहून अधिक तन्मयतेने म्हटले जातात. पावणेनऊला प्रमुख पाहुणे वारंगा फाट्यापर्यंत आल्याचे जाहीर होते, आणि ते फाट्यापर्यंत आले आहेत ही घोषणा पुढची चाळीस मिनिटे खरी राहते. त्यानंतर दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन आणि सत्कार असतात. सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देऊन एखाद्या व्यक्तीचा मान राखण्याचा विधी असून त्याचा खरा उद्देश ज्यांचा सत्कार राहून गेला अशा व्यक्तींची यादी तयार करणे हा असतो, कारण पुढील वर्षीचा विरोध कोठून येणार हे त्या यादीवरून ठरते. अशा रीतीने नाटकाचा पडदा जेव्हा वर जातो, तेव्हा कायद्याने ध्वनिवर्धक खाली यायला दहा मिनिटे शिल्लक असतात.

प्रेक्षकांचे वर्गीकरण शहरात तिकिटाच्या दरावरून करतात. मैदानात ते उंचीवरून करावे लागते. सर्वांत खाली सतरंजीवरची मुले असतात, जी पहिल्या विनोदाला हसतात, दुसऱ्या प्रवेशात भांडतात आणि मध्यंतरापूर्वी झोपतात. त्यांच्या वर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मान्यवर असतात. मान्यवर म्हणजे ज्यांना खुर्ची सोडून जाता येत नाही असे प्रेक्षक होत. एका बाजूला बायका असतात, आणि नाटक सलगपणे व संपूर्ण पाहणारा हा एकमेव वर्ग असल्याने नटांनी आपले तोंड तिकडे ठेवावे हे उत्तम. सर्वांच्या मागे, पानटपरी आणि लावून ठेवलेल्या मोटारसायकली यांच्या मधल्या पट्ट्यात, उभा प्रेक्षक असतो. रंगभूमीच्या अभ्यासात या उभ्या प्रेक्षकाला मिळायला हवे ते स्थान मिळालेले नाही. तो नाटकाला आलेला नसतो. तो सहज आलेला असतो. त्याचा एक पाय मोटारसायकलच्या फूटरेस्टवर असतो आणि दुसरा जमिनीवर, यावरून त्याची वृत्ती ओळखता येते. पात्र रंगमंचावर येताच तो त्याची ओळख पटवतो: राजा आला असे न म्हणता 'हे तर दूधडेअरीवाल्याचं पोरगं हाय की' असे म्हणतो. पुढे 'बोलायलंय चांगलं, पण आवाज येईना' असा अभिप्राय देतो. आवाज येत नसूनही बोलणे चांगले आहे हे त्याला कसे कळले, हा प्रश्न उपस्थित करता येईल, परंतु वृत्तपत्रीय समीक्षेलाही तो कोणी विचारत नाही.

आवाजाविषयीची त्याची तक्रार मात्र तंत्रदृष्ट्या अचूक असते. मैदानी रंगमंचावर वरच्या बांबूला दोन ध्वनिग्राहक टांगलेले असतात, आणि त्यांच्या थेट खाली उभे राहिल्याशिवाय संवाद मागे पोहोचत नाही, हे नटांना तालमीत नव्हे तर प्रयोगात कळते. परिणामी चार पात्रांच्या प्रवेशात चारही पात्रे दोन जागांवर येऊन उभी राहतात, एकमेकांचे जानी दुश्मन असलेले सरदार खांद्याला खांदा लावून एकमेकांना आव्हान देतात, आणि मरणाऱ्या पात्राला मरण्यापूर्वी योग्य जागेपर्यंत चालत यावे लागते. त्यातच प्रॉम्प्टर, म्हणजे पडद्याआड उभा राहून नटांना विसरलेले संवाद पुरवणारा माणूस, दुसऱ्या ध्वनिग्राहकाच्या जवळ असला की प्रत्येक वाक्य प्रेक्षकांना दोनदा ऐकू येते, आधी सपाट आणि मग अभिनयासह. जाणकारांच्या मते पहिले अधिक प्रभावी असते.

हे सारे अडथळे असूनही महाराष्ट्रात असा एक प्रदेश आहे, जिथे लोकांना नाटकाकडे वळवण्याची कोणतीही मोहीम कोणी चालवत नाही आणि नाटके थांबतही नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांच्या धानपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, येथे नाटक कंपन्यांची कार्यालये दुकानांसारखी ओळीने आहेत, आणि दिवाळीनंतर धान घरात आले की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगाव नाटके लागतात. तिथे नाटक रात्री सुरू होते आणि पहाटे संपते, लोक तिकीट काढून बसतात आणि ज्या दिवशी गावात नाटक असते त्या दिवशी सोयरे-पाहुणे मुक्कामाला येतात. दिवसा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, रात्री नाटक, आणि मधल्या वेळेत सोयरिकी जमवणे असा तो बेत असतो. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने झाडीपट्टी म्हणजे नेमके काय, अशी चौकशी केली. झाडीपट्टीने मात्र उर्वरित महाराष्ट्राची चौकशी केल्याचे ऐकिवात नाही. त्यांचा हंगाम धानाला बांधलेला आहे. हळदीला बांधलेला हंगाम काढायला मराठवाड्याला कोणी मनाई केलेली नाही, आणि सोयरिकी तर इकडेही जमवाव्याच लागतात.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे, मराठवाड्यातलेच आहे. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तिथले राजकुमार तांगडे यांनी 'आकडा' हे वीजचोरीवरचे नाटक लिहिले. आकडा म्हणजे मीटर टाळून थेट खांबावरच्या तारेला अडकवलेली वायर होय. मराठवाड्यातील वाचकासाठी ही व्याख्या अनावश्यक आहे, पण शास्त्रीय पद्धतीनुसार द्यावी लागते. असे नाटक एखाद्या गावात लावले की रंगमंचावरचे दिवे कोणत्या तारेवर जळत आहेत, हे पाहण्यासाठी प्रेक्षकांच्या माना प्रयोगापूर्वीच मागे वळतात, आणि प्रेक्षक नाटकात गुंतावा असे जे म्हणतात ते याहून वेगळे काय असते, हे सांगणे कठीण आहे. पुढे तांगडे यांनी लिहिलेले, संभाजी भगत यांची संकल्पना आणि संगीत असलेले व नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली आले. त्यात शेतात राबणारी माणसे होती, बोली मराठवाड्याची होती, आणि ते मुंबई-पुण्यात चालले. मुंबई-पुण्याहून गावात नाटक न्यायचे, या धोरणावर सभागृहांतून इतकी भाषणे होत असताना नाटक उलट दिशेने निघून गेले, याची नोंद त्या भाषणांत क्वचितच घेतली जाते.

याउलट ज्या व्यवस्थेकडून जनरुचीची सर्वाधिक अपेक्षा होती, ती राज्य नाट्य स्पर्धा सहा दशकांहून अधिक काळ चालू आहे आणि नांदेड-परभणीसारख्या केंद्रांवर हौशी संस्था तिथे दरवर्षी जिद्दीने उतरतात. तिची सेवा मोठी आहे. मात्र प्राथमिक फेरीच्या एखाद्या संध्याकाळी परीक्षक, उद्याच्या नाटकाची मंडळी आणि कालच्या नाटकाची मंडळी यांना वगळून प्रेक्षक मोजू गेल्यास उरते ते बहुधा नटांचे कुटुंब. स्पर्धेचे टीकाकार हे दुःखाने सांगतात. वस्तुतः या विषयातील सर्वांत महत्त्वाचा शोध तिथेच लपलेला आहे: सगळे गेले तरी कुटुंब राहते.

या शोधाचे गणित सोपे आहे. शहरी व्यावसायिक नाटकाने प्रवासाचा, मुक्कामाचा आणि मानधनाचा खर्च वाचवण्यासाठी पात्रे कमी-कमी करत चार-पाचांवर आणली, आणि दोन पात्रांचे नाटक हे कलेच्या परिपक्वतेचे लक्षण मानले जाऊ लागले. डोंगरकड्यात दोन पात्रांचे नाटक लावणे म्हणजे दोनच घरांना आमंत्रण देणे होय. तेच तीस पात्रांचे ऐतिहासिक नाटक घेतले, त्यात दरबारी, हुजरे, भालदार, चोपदार आणि 'जी महाराज' एवढेच म्हणणारे दहा मावळे घेतले, तर प्रत्येकामागे आई, बाप, आजी, भावकी आणि शेजारचे मिळून मैदान भरते. आजीला तर नातू पहिल्या अंकात 'जी महाराज' म्हणून गेला तरी तो पुन्हा येईल या आशेने शेवटपर्यंत बसावे लागते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग एकत्र केला, तेव्हा दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे चाहते एका छताखाली आले होते. प्रत्येक गावात असे दोन गट ग्रामपंचायतीच्या निवडणुकीने आयतेच तयार करून ठेवलेले असतात. दोन्ही गटांतली पोरे समसमान घेतली की दोन्ही गट येतात, समोरच्या गटाचे पोरगे कुठे चुकते हे पाहण्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसतात, आणि त्या निमित्ताने नाटक बारकाईने पाहतात. खलनायकाची भूमिका मात्र दोन्हीपैकी कोणालाही देऊ नये. ती नांदेडहून माणूस आणून करून घ्यावी आणि त्याला प्रयोग संपताच गाडीत बसवून द्यावे.

तेव्हा डोंगरकड्यात किंवा तशा कोणत्याही गावात नाटक बसवू इच्छिणाऱ्यांनी रुचिवर्धनाच्या परिसंवादाचा खर्च वाचवावा आणि त्या पैशांत दोन ध्वनिग्राहक जास्तीचे घ्यावेत. तारीख हळदीची पट्टी हातात आल्यानंतरची आणि पहिल्या लग्नतिथीच्या आधीची धरावी, शेतीची वीज दिवसा असलेला आठवडा वायरमनला विचारून घ्यावा, सत्कार आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत उरकून टाकावेत, आणि नाटक निवडताना संहिता शेवटी वाचावी, पात्रांची यादी आधी मोजावी. ती पंचवीसच्या खाली असेल तर ते नाटक शहरासाठी ठेवावे.